ओय, येते

त्या दिवशी सकाळी आई मोहफुलं वेचायला गेली. पावणेसातच्या सुमारास वाघानं तिला मारलं. मी हैदराबादला होते. अकरा वाजता माझी इटालियनची तोंडी परीक्षा होती, ती मी दिली. एक वाजता बाबांचा फोन आला.

बाबा भद्रावतीला एका गोदामावर चौकीदार होते आणि आठवड्यातून एकदा गावी येत. त्यांना साडेसातलाच कळलं होतं. पोरीला लगेच कळवा, असं दोघा-तिघांनी म्हटलं, तर ते म्हणाले, "अकराले तिचा पेपर आहे. होऊ द्या." आईनं त्या परीक्षेचा दिवस आणि तास आठवडाभर आधीपासून सगळ्या गावाला सांगून ठेवला होता. परीक्षेत मला घरच्यांविषयी बोलायला सांगितलं. मी म्हटलं, माझी आई या दिवसांत रोज सकाळी फुलं वेचायला जाते. वर्तमानकाळात म्हटलं. समोरच्या बाईंनी मान हलवली. क्रियापद बरोबर होतं.

हे मी हळूहळू लिहिते आहे. एका बैठकीत अर्धं पान होतं, मग उठून दाराची कडी लागली आहे का ते बघून येते. दुपार असते, बाबा ओसरीवर असतात, तरी बघून येते.

इटालियन मी निवडली नव्हती. बारावीनंतर चंद्रपूरच्या एका नेट कॅफेत विद्यापीठाचा अर्ज भरत होते. पहिली पसंती इंग्रजी टाकली. कॅफेवाल्यानं विचारलं, "दुसरं काय टाकू?" मी गप्प राहिले. मला बोलायला वेळ लागायचा. शाळेत मला मुकी म्हणायचे आणि ते फार खोटंही नव्हतं. मागे रांग होती. तो म्हणाला, "इटालियन टाकतो, ताई. कोणी घेत नाई, लवकर लागते." तसंच झालं. यादीत माझं नाव इटालियनसमोर आलं. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक गोष्टी मी वेळेवर न बोलल्यामुळे ठरल्या आहेत.

घरी सांगितलं तेव्हा आई तांदूळ पाखडत होती.

"तिथी इटलीत जंगल आहे का?"

"आहे. लांडगे आहेत म्हणते, अस्वलं आहेत."

"अन् तो?"

"तो नाई."

"मंग लोक भेतात कशाले?" तिनं सूप थांबवून विचारलं. मग म्हणाली, "शिकून ये, अन् मले सांग."

आमचं गाव मोहर्लीच्या अलीकडच्या एका फाट्यावरून आत आहे. तिथे कोणी वाघाचं नाव घेत नाही. जनावर म्हणतात, तो म्हणतात, नाहीतर नुसतंच क्रियापद: बसला होता, गेला, येते. लहानपणापासून मला दोन नियम शिकवले होते. एकटीनं वाकायचं नाही, कारण वाकलेला माणूस त्याला चार पायांचा दिसतो. आणि वाटेनं बोलत चालायचं, म्हणजे त्याला कळतं की माणूस आहे आणि तो बाजूला होतो. पहिला नियम मी पाळत असे. दुसरा मला जमत नसे. मी खोकायचे. आई म्हणायची, "खोकल्यानं नाई होत व माय. एखादी टीबीची म्हातारी समजून तो तुले सोडून देईन, पण पोरगी समजून नाई."

विद्यापीठात पहिलं वर्ष मी भीतीतच काढलं. आमच्या बाईंची एकच अट होती, की जे काही म्हणायचं ते मोठ्यानं. भाषा वहीत ठेवून चालत नाही, असं त्या रोज म्हणत. वर्गात बारा जण होतो. माझी पाळी येईपर्यंत मी पुढच्यांची वाक्यं मोजायचे आणि पाळी आली की घशातून वारासुद्धा निघायचा नाही. तिथे जनावर नव्हतं. बाकीचे अकरा जण होते आणि एक बाई, ज्या कधीही ओरडल्या नाहीत. तरी मला भीती वाटायची. त्या भाषेत भीती वाटत नाही, भीती असते. "ओ पाउरा" म्हणजे माझ्याजवळ भीती आहे, जशी पेन असते किंवा बहीण असते. पुस्तकी मराठीत ती मला वाटते. आमच्या बोलीत मले भेव लागते, जशी भूक लागते, ऊन लागते. मी या तिन्ही वाक्यांची तुलना वहीत चांगली लिहिली होती. बाईंनी मोठ्यानं वाचायला सांगितली, तेव्हा वाचता आली नाही.

मग करोनाच्या बंदीचं वर्ष आलं आणि मी घरी परतले. वर्ग फोनवर सुरू झाले. गावात इंटरनेटपुरतं नेटवर्क फक्त तलावाच्या पाळीवर, म्हणजे काठच्या भरावावर, यायचं. घरापासून वीस मिनिटांची वाट, एका अंगाला धानाचे बांध, दुसऱ्या अंगाला झुडपं. एकटी जाणं शक्यच नव्हतं. आई हातात काठी घेऊन माझ्यासोबत निघायची. पहिल्या दिवशी ती एकटीच बोलत होती. शेजारणीच्या सुनेबद्दल, रेशनच्या दुकानाबद्दल, मग पुन्हा सुनेबद्दल. परत येताना तिचा घसा बसला.

"मी एकलीच बोलू का? तू बी बोल."

"काय बोलू?"

"तुहा पाठ म्हण. काय शिकली ते म्हण. त्याले कुठी समजते?"

मी म्हटलं. सगळ्यात आधी जे शिकवतात ते, असणे या क्रियापदाची सहा रूपं. इओ सोनो, तू सेइ, लुइ ए, नोइ सियामो, वोइ सिएते, लोरो सोनो. हळू म्हटलं. आई म्हणाली, जोरानं. मी जोरानं म्हटलं. माझा आवाज मला ओळखू आला नाही. झुडपांतून एक मोर उडाला आणि मी आईचा हात धरला. आई म्हणाली, "पाह्य, मोरालेबी समजलं."

मग तिनं अर्थ विचारला. मी सांगितला: मी आहे, तू आहेस, तो आहे, आपण आहोत, तुम्ही आहात, ते आहेत.

"बस? हे शिकाले हैदराबादले गेली?" थोडं चालल्यावर म्हणाली, "पण कामाचं आहे. जंगलात हेच त सांगाचं राह्यते."

पाळीवर मी वर्गाला बसले की आई माझ्याकडे पाठ करून उभी राहायची, तोंड झुडपांकडे. एक तास, कधी दीड. एकदा बाईंनी फोनमधून विचारलं, तुझ्या मागे कोण उभं आहे? मी म्हटलं, मिआ माद्रे. आई वळून म्हणाली, "नमस्कार जी." आणि पुन्हा झुडपांकडे वळली. बाईंनी तिला इटालियनमधून नमस्कार केला. संस्कृतीचा तास असला की मी फोनचा आवाज मोठा ठेवायचे आणि वाटेत परतताना तिला मराठीत सांगायचे. तिकडे शेवंती फक्त मेलेल्या माणसांना वाहतात, कुणाच्या घरी न्यायची नाही, हे ऐकून ती थांबलीच. "मंग तिथल्या बायका डोक्यात काय घालते?" मी म्हटलं, काही नाही. त्या लोकांबद्दल तिचं मत तेव्हा जे खाली आलं ते पुन्हा वर गेलं नाही.

सहा रूपं तिला आठवड्याभरात पाठ झाली. तिची झाली, माझी नाही. यो सोनो, तू सई, लुई ये. नोइ सियामोचं तिनं "नाई श्यामो" केलं. आणि वोइ सिएतेमधला "सि" गिळून टाकला, तेव्हा उरलं "ओय, येते". मी दोनदा सुधारलं. ती म्हणाली, "मले परीक्षा देयाची आहे का?" मी हसले आणि सोडून दिलं.

तेच मी सोडायला नको होतं.

पुस्तकी मराठीत तो येतो आणि ती येते. आमच्याकडे तो येते, ती येते, पाऊस येते, पाहुणा येते, बस येते. इटालियनमध्ये कर्ता गाळून टाकतात, कारण क्रियापदाच्या शेवटावरूनच कोण ते कळतं. बाईंनी पहिल्याच महिन्यात हे शिकवलं होतं. आमच्या "येते"वरून कोण ते कळत नाही. ऐकणाऱ्याला आधीच माहीत असावं लागतं.

विद्यापीठ उघडलं, मी परत गेले. आईनं पाठ सोडला नाही. शेतावर जाताना, सरपणाला जाताना, मोहाच्या दिवसांत फुलं वेचताना ती पाठ म्हणत राहिली. मोहाची झाडं घराघरांची ठरलेली असतात. आमचं झाड ओढ्याच्या पलीकडे होतं, शेजारच्या काकींचं अलीकडे, आणखी दोघींची त्यांच्या मागे. मधे झुडपं. एकमेकी दिसत नाहीत, ऐकू येतं. फुलं वेचताना वाकावंच लागतं, म्हणून बायका सारख्या आवाज देत राहतात. आईचा आवाज म्हणजे तो पाठ. फोनवर ती मला सांगायची, "मी पाठ म्हणतो न, त तुही काकी तिकडून जवाब देते. मी म्हणतो, ओय येते, त ते म्हणते, येऊ दे, च्या मांडतो." आणि दोघी हसायच्या. मागून काकी ओरडायच्या, "तुह्या मायले सांग, साखर आणून ठेव, पाहुणा रोज म्हणते अन् येत नाई." काकींना मी लहानपणापासून ओळखते. तोंडानं फटकळ, हातानं उदार.

बाबांच्या फोननंतर मी कशी निघाले ते मला सलग आठवत नाही. बल्लारशाला उतरले, बाबा स्टेशनवर उभे होते, आम्ही जीपनं फाट्यापर्यंत आलो. आत जायला सडक आहे, पण त्या दिवशी जीपवाला आत यायला तयार नव्हता. गावातले सात-आठ जण घ्यायला आले होते. पुढे एक माणूस पत्र्याचा डबा वाजवत चालला होता. कोणी बोलत नव्हतं. मला आठवतं, मी मधोमध चालत होते, दोन्ही बाजूंना माणसं होती आणि तरी मला प्रत्येक पावलाला वाटत होतं, की आपण बोललं पाहिजे. ओठांपर्यंत जे आलं ते इओ सोनो होतं. मी ओठ घट्ट मिटून घेतले.

तिसऱ्या दिवशी बायका घरी बसायला आल्या. मी भिंतीला टेकून होते. मागच्या झाडांखाली फुलं वेचणारी एक म्हातारी होती, ती सांगत होती, जसं अशा वेळी सांगतात: किती वाजता निघालो, कोण पुढे होतं, धुकं होतं की नव्हतं. सांगता सांगता म्हणाली, "रोजच्यावानीच आवाज आला व तिचा. ओय येते म्हणे. आमाले वाटलं, बाईचं इटालीन सुरू झालं."

काकी तिच्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी म्हातारीला कोपरानं ढोसलं. खोलीत कोणी माझ्याकडे बघेना. मग काकी उठल्या आणि घरी गेल्या, आणि तेराव्यापर्यंत पुन्हा आल्या नाहीत.

मी त्या वेळी रडले नाही. मी व्याकरण करायला लागले. हे सांगायला लाज वाटते, पण तसंच झालं. आईचा पाठ कधी तुटत नसे. सुरू केला की सहाही रूपं पुरी करायची आणि मग पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे ती पाठ म्हणत असेल, तर "ओय येते"च्या आधी "नाई श्यामो" असणार. तिला पुढचं म्हणायला अवधी मिळाला असेल, तर नंतर "लोरो सोनो" असणार. आणि आधी "नाई श्यामो" नसेल, तर ती पाठ म्हणत नव्हती. तर तिनं त्याला पाहिलं होतं आणि ती आमच्या भाषेत बायकांना सावध करत होती. किंवा मदतीला बोलावत होती. आणि बायकांनी ते ऐकलं, आणि ते इटालियन आहे असं त्यांना वाटलं. ते मी तिला शिकवलं होतं.

पाठ असेल, तर झालं ते झालं; आमच्या भागात होतं. हाक असेल, तर ती हाक मी तिच्याकडून आधीच काढून घेतली होती.

हे कळायला एकच रस्ता होता. काकींचं झाड सर्वांत जवळ होतं. त्यांना विचारायचं: आधी काय ऐकलं? एवढा छोटा प्रश्न. मी तो वर्षभर विचारला नाही.

विद्यापीठात परत गेले ती शेवटच्या वर्षासाठी. जिन्याच्या डाव्या हाताला पहिल्या वर्षाचा वर्ग होता. जुलैत नवी मुलं आली आणि एका सकाळी त्यांनी एका सुरात म्हणायला सुरुवात केली, इओ सोनो, तू सेइ. मी जिन्यात होते. चौथ्या रूपापर्यंत उभी राहिले आणि मग वर न जाता खाली धावले, बाथरूममध्ये गेले आणि सगळे नळ सोडले. त्यानंतर महिनाभर मी वर्गाला वीस मिनिटं उशिरा जात होते. मुलं फार चांगली होती. हळूहळू भूतकाळावर गेली, मग मी वेळेवर यायला लागले.

इटालियन बोलताना मी "वोइ", म्हणजे "तुम्ही", टाळायला शिकले. जिथे "तुम्ही सगळे" म्हणायचं तिथे "सगळेजण" म्हणायचं आणि वाक्य फिरवून घ्यायचं. त्यानं माझी इटालियन सुधारली, कारण प्रत्येक वाक्य आधी मनात तीनदा उलटंसुलटं करावं लागे. बाईंच्या ते लक्षात आलं. एकदा निबंधाची वही परत देताना त्या म्हणाल्या, "तू वोइ वापरतच नाहीस. का?"

"सवय नाही," मी म्हटलं.

फोनमध्ये दिसलेली आईची पाठ त्यांना आठवली असेल, नसेलही. "सवय कर," म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

दिवाळीत घरी आले, तर काकी मला टाळत होत्या. हापशीवर मी दिसले की अर्धी बादली घेऊन निघायच्या. मला वाटलं, त्यांना माझा राग आहे. त्यांची मैत्रीण माझ्या पाठानं गेली, असं त्यांनीही जोडलं असेल. मग मला त्यांची जास्तच भीती वाटायला लागली. बाबांना मी काही बोलले नाही. त्यांनी गोदामाची नोकरी सोडली होती आणि ते ओसरीवर बसून असत. संध्याकाळी पाच वाजले की उठून घराचं दार आतून लावत. कोणी हाक मारली, तर नाव सांगितल्याशिवाय उघडत नसत.

मग मोहाचे दिवस पुन्हा आले आणि गेले. आमच्या झाडाखाली कोणी गेलं नाही. माझी शेवटची परीक्षा झाली, पदवी मिळाली, मी सामान घेऊन गावी आले. मे महिना होता. मी ठरवलं, की आज विचारायचं. गेले आणि चाळणी मागून परत आले. दुसऱ्या दिवशी ठरवलं आणि चाळणी परत करून आले. तिसऱ्या दिवशी मिरची मागितली. काकी म्हणाल्या, "तुह्या घरी काय काय संपलं ते एकदाच लिहून आण न. तू त शिकेल आहेस."

चौथ्या दिवशी दुपारी त्या अंगणात लाखोळीची डाळ निवडत बसल्या होत्या. मी रिकाम्या हातानं गेले आणि समोर बसले. त्यांनी सूप माझ्याकडे थोडं सरकवलं. मीही निवडायला लागले. खडे सोडून मी डाळच बाजूला टाकत होते.

"काकी, एक इचारू?"

"इचार. तू इचारशील म्हणूनच त मी वर्सभर तुह्या समोर येत नाई."

"त्या दिवशी. 'ओय येते'च्या आधी माय काय म्हणत होती?"

त्यांनी हात थांबवला. मला वाटलं, प्रश्न त्यांना कळला नाही. मी समजावून सांगायला लागले, की पाठात एक क्रम असतो, आणि त्या मधेच बोलल्या. डोळे डाळीवरच ठेवून, एका दमात, आईच्या चालीत:

"यो सोनो, तू सई, लुई ये, नाई श्यामो, ओय येते, लोरो सोनो."

तो आवाज काकींचा होता, पण बाकी सगळं तिचं होतं.

"तुमाले पाठ आहे?"

"दोन वर्स ऐकलं न माय. पाठ होणार नाई त काय." मग म्हणाल्या, "अन् आता रोज म्हणून पाह्यतो. मनातल्या मनात. भांडे घासताना, झाडताना. आधी श्यामो होतं का नव्हतं. तू जे इचारून राह्यली, तेच मी बी इचारून राह्यली. तू शिकून सवरून तिथी पोचली, मी अशीच पोचली."

"मंग? होतं का?"

"मले आठवत नाई."

"थोडंसं बी?"

"एखांद्या दिवशी वाटते, होतं. मी सोताले सांगतो, होतं, होतं, श्यामो म्हटलं तिनं. अन् दुसऱ्या दिवशी वाटते, हे मीच टाकलं तिच्या तोंडात. रोज ऐकलं, त आता कोणतं त्या दिवशीचं अन् कोणतं आदल्या दिवशीचं, हे अलग होत नाई."

मी विचारलं, "अन् मागून? लोरो सोनो?"

काकींनी सूप बाजूला सरकवलं. पदरानं तोंड पुसलं, घाम नव्हता तरी.

"मागचं मी ऐकलंच नाई. मी बोलून राह्यली होती."

"काय?"

"जे रोज बोलत होती ते."

ते मला माहीत होतं, तरी त्यांनी म्हणेपर्यंत मी तिथवर गेलेच नव्हते. ते माझ्या व्याकरणात कुठेच नव्हतं. येऊ दे, च्या मांडतो. त्या सकाळीही त्या तेच म्हणाल्या होत्या, आणि हसल्या होत्या, आणि त्यांच्या हसण्याखाली पुढचं जे काही होतं ते गेलं.

"लय जोरानं हासली मी," काकी म्हणाल्या. "मंग वाटलं, तुही माय अजून काऊन बोलत नाई."

मला त्यांना काहीतरी सांगायचं होतं. तुम्ही रोजच तसं म्हणत होतात, तुमची चूक नाही, असं काहीतरी. आणि मला दिसलं, की ते वाक्य मी त्यांना म्हटलं, तर तेच त्या मला म्हणतील, आणि दोघींनाही ते पुरणार नाही. मी गप्प राहिले. या वेळी न बोलणं मी ठरवलं होतं.

सूप पुन्हा ओढून घेत त्या म्हणाल्या, "मले भेव लागते. त्याचं नाई. तुहं. वाटे, तू येशील अन् म्हणशील, काकी, तुमी हासल्या."

"मले तुमचं भेव लागत होतं," मी म्हटलं. "तुमी म्हणान, तूच शिकवलं."

"म्हटलं होतं मी," काकी म्हणाल्या. "मनात. पयल्या महिन्यात लय डाव म्हटलं. मंग थकली."

त्या खोटं बोलल्या नाहीत याचं मला बरं वाटलं, आणि भीतीही वाटली. त्यांना "होतं" म्हणता आलं असतं. श्यामो होतं, मी माह्या कानानं ऐकलं, असं त्यांनी म्हटलं असतं, तर मी विश्वास ठेवला असता. मी विश्वास ठेवायलाच गेले होते. त्यांनाही तसंच हवं होतं, की मी शिकलेली, मी काहीतरी नियम काढून सांगेन, जेणेकरून ते पाठच ठरेल. माझ्याकडे तसा नियम नव्हता. एकटं क्रियापद ऐकून त्याच्या मागे कोण आहे ते सांगता येत नाही.

उरलेली डाळ आम्ही निवडली. ऊन उतरलं तेव्हा त्या मला आमच्या दारापर्यंत सोडायला आल्या. पंचवीस पावलांचं अंतर आहे. त्या पंचवीस पावलांत काकी सुनेबद्दल बोलत होत्या, जोरानं, आणि मधेच मला म्हणाल्या, "तू बी बोल काहीतरी." मी बोलले. काय ते आठवत नाही, मराठीच होतं.

बाबांनी आतून विचारलं, कोण? आम्ही दोघींनी आपापली नावं सांगितली आणि त्यांनी दार उघडलं.

आता मी गावातच राहते आणि चंद्रपूरच्या एका माणसामार्फत यंत्रांची इटालियन माहितीपत्रकं मराठीत करून देते. त्यांत फारसं कोणी कोणाला हाक मारत नाही. बटण दाबा, झाकण उघडा, हात आत घालू नका, एवढंच असतं. गावातल्या बायका मोहाला आता गळ्यात शिट्टी अडकवून जातात. काकी मोहाला जात नाहीत. रोज दुपारी त्या आमच्या ओसरीवर येऊन बसतात, बाबा असतात, मी असते. त्या सकाळी आई पाठ म्हणत होती की तो येतो आहे असं सांगत होती, ते काकींना माहीत नाही, आणि मलाही माहीत नाही.